भिवपुरीचे पाणी आणि आमचा सव्वा रुपया

दिवाळीच्या आठवड्यात भिवंडीच्या कापड व्यापाऱ्याला काम नसते. मुंबईत मंगलदास आणि मूळजी जेठा मार्केट बंद, सुरत बंद, दलाल आपापल्या गावी. लाभपंचमीचा मुहूर्त होईपर्यंत फोनही वाजत नाही. तीस वर्षे हे दिवस आम्ही उधारीच्या वह्या चाळण्यात घालवले. मागच्या दिवाळीत मात्र चौघा दोस्तांनी मिळून एक कॅराव्हॅन, म्हणजे चालते-फिरते घर, चार दिवसांसाठी भाड्याने घेतले आणि कर्जत तालुक्यात भिवपुरीला उल्हास नदीवर मासे धरायला गेलो. मासे तर कोळणीकडे मिळतात, त्यासाठी घर भाड्याने कशाला, असे घरातून विचारले गेले. प्रश्न व्यवहारी होता. आमच्याकडे उत्तर नव्हते.

मासेमारीची हकीकत व्यापाराच्या पानावर कशी, असे वाचकांनाही वाटेल. त्यांनी थोडे पुढे वाचावे.

चौघांची नावे देण्याचे कारण नाही, धंदे सांगतो. आम्ही स्वतः ग्रे कापड विकत घेऊन ते जॉबवर्कवर रंगवून घेतो आणि मॅचिंग सेंटरवाल्यांना पॉपलिन व अस्तर पुरवतो. दुसरे आमचे रंगवाले दोस्त, ज्यांचे छोटे प्रोसेस हाऊस आहे. तिसरे जरीवाले, ज्यांच्या कारखान्यात एकेकाळी बारा अड्डे होते आणि आज तीन उरले आहेत, बाकीचे काम कॉम्प्युटरच्या मशीनने खाल्ले. चौथे कोकणातले, अठरा वर्षे केपटाऊनला काढून परत आलेले. त्यांना सगळे आफ्रिकावाले म्हणतात. कोकणी मुसलमानांची घराणी केपटाऊनला पिढ्यान्‌पिढ्या आहेत, हे अनेकांना ठाऊक असेल. तिथल्या डोंगरी नद्यांत इंग्रजांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ट्राउट नावाचा मासा आणून सोडला. तो धरण्याची विद्या आमच्या दोस्ताने तिथे शिकून घेतली आणि येताना काठ्या-चरख्या बरोबर आणल्या. त्या पेटीत पडून होत्या. सफरीची कल्पना त्यांचीच.

एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. निघण्यापूर्वी जवळजवळ वर्षभर आमचे आणि रंगवाल्यांचे बोलणे सलामापुरतेच उरले होते. कारण आमच्या बाजूचे होते. ते पुढे येईल.

कॅराव्हॅनविषयी थोडे. महाराष्ट्र सरकारने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, त्यानंतर अशा गाड्या मुंबई-पुण्याकडे भाड्याने मिळू लागल्या. आमच्या गाडीत चार बिछाने, छोटे स्वयंपाकघर, संडास, वर स्वच्छ पाण्याची शंभर लिटरची टाकी आणि खाली सांडपाण्याची टाकी होती. चौघांत भाडे वाटले तर बऱ्या हॉटेलाइतकेच पडले. गाडीची उंची मात्र कोणी ध्यानात घेतली नव्हती. कल्याण, बदलापूर, वांगणी, नेरळपर्यंत सगळे ठीक चालले. गावाच्या गल्लीत शिरताच वरची वायर आडवी आली आणि जरीवाल्यांना टपावर चढून केळीच्या लांब काठीने ती उचलून धरावी लागली. अर्धे गाव बघायला आले.

ज्यांच्या आंब्याखाली गाडी लावली ते शेतकरी भात कापणीत होते. परवानगी विचारली, तर म्हणाले, "लावा शेठ, फक्त खळ्यावर नको." दिवस शरदाचे. गवत पिवळे पडू लागलेले, दुपारी ऊन चटका देणारे, पहाटे मात्र चादर लागते. पावसाळ्यात गढूळ, तांबडी असलेली नदी या दिवसांत निवळते. गुडघाभर पाण्यात तळाचा गोटा दिसत होता. भिवंडीत आमचे आयुष्य गेले, पण नदीचा तळ आम्ही त्याआधी कधी पाहिला होता हे आठवत नाही.

पहाटे फजरनंतर आफ्रिकावाल्यांनी शिकवणी सुरू केली. साध्या गळाला वजन असते, म्हणून तो फेकला की लांब जातो. इथे गळाला वजनच नाही. गळावर दोरा, पीस आणि चमक गुंडाळून माशीसारखा कीटक बनवतात, तो फुंकरीने उडेल इतका हलका. वजन असते ते दोरीला. काठी मागे घेऊन दोरी हवेत पूर्ण सुटू द्यायची, क्षणभर थांबायचे, मग पुढे सोडायची. तो क्षणभराचा थांबा व्यापाऱ्याला जमत नाही. आम्ही पहिल्या तासात स्वतःचा कुर्ता दोनदा आणि शेतकऱ्यांच्या आंब्याची फांदी एकदा धरली.

जरीवाल्यांना दोरीत रस नव्हता, त्यांनी माशी हातात घेतली. भिंगाखाली धरून पाच मिनिटे पाहिली. मग म्हणाले, "हे तर आपले कलाबतूचे काम आहे." खरेच होते. गळाच्या दांडीवर रेशमी दोरा, त्यावर बारीक चपटी जर, मानेला कोंबड्याचे पीस, शेवटी गाठ. परदेशातले शौकीन अशा माश्या डझनाने विकत घेतात आणि त्या हाताने बनतात. केनियात तर हा मोठा घरगुती धंदा आहे, जुना आहे. कोंबड्याच्या मानेची पिसे त्या बाजारात हिंदुस्थानातून पूर्वीपासून जातात. आपल्या सह्याद्रीतल्या रानकोंबड्याच्या पिसाला तर तिथे फार मागणी होती, पण तो पक्षी 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, त्याच्या नादी कोणी लागू नये. आमच्या जरीवाल्यांनी खाटकाकडची पिसे आणि आपल्या पेटीतला कसब वापरून संध्याकाळपर्यंत चार माश्या बांधल्या. दोन पाण्यात सुटल्या, कारण गाठीला मेण नव्हते. तिसरीला मासा लागला. बोटभर, चांदीसारखा, नाव आम्हांस माहीत नाही. आफ्रिकावाल्यांनी तो ओल्या हाताने सोडवला आणि परत पाण्यात सोडला.

काठावर एक कातकरी गृहस्थ जाळे धुवत बसले होते. त्यांनी हे सगळे पाहून विचारले, "एवढ्या लांबून आलात शेठ, मग सोडला कशाला? तुम्हाला लागत नाही तर आम्हाला द्यायचा." आमच्यापैकी कोणाला उत्तर सुचले नाही. मग त्यांनीच नदीची माहिती दिली. वरच्या डोहात मासा आहे, या वळणाला थोडा आहे, पण कर्जतकडून गटार येते तिथे आणि बंगलेवाल्यांचे पाणी उतरते तिथे जाळे टाकू नका, असे म्हणाले. आम्ही नदी स्वच्छ आहे असे धरून चाललो होतो. भिवंडीच्या मानाने ती स्वच्छ होती, एवढेच.

दुसऱ्या दिवशी वीजघर दाखवायला नेले ते रंगवाल्यांनी. भिवपुरी रोड स्टेशनच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी टाटांचे भिवपुरीचे वीजघर आहे. हे 1922 साली सुरू झाले, त्याआधी 1915 ला खोपोलीचे, नंतर 1927 ला भिऱ्याचे. वर घाटमाथ्यावर आंध्रा नदीला ठोकरवाडीचे धरण बांधले आहे. ही नदी एरवी इंद्रायणी, भीमा, कृष्णा अशी वाट धरून बंगालच्या उपसागराला जायची. तिचे पाणी नळांतून कोकणात उतरवले, त्यावर चक्रे फिरवली आणि वीज मुंबईला नेली. कोणासाठी, तर मुख्यतः कापड गिरण्यांसाठी. त्याआधी गिरण्या कोळशाच्या वाफेवर चालत. आमचे वालिद मुंबईच्या गिरण्यांचा फेंट आणि कटपीस माल भिवंडीत आणून विकत. तो माल ज्या विजेवर विणला गेला तिचा एक उगम इथे होता. 1982 च्या संपानंतर गिरण्या हळूहळू गेल्या, यंत्रमाग भिवंडी-मालेगावला वाढले, पण हे वीजघर चालू राहिले.

चक्रे फिरवून झाल्यावर ते पाणी पेज नदीत येते. राजनाल्याने काही भात-भाजीपाल्याला जाते, त्यामुळे कर्जत तालुक्यात उन्हाळी भात होतो. उरलेले उल्हासला मिळून खाली बदलापूर, उल्हासनगर, कल्याण करत शहाडला पोहोचते. शहाडला ते उपसून टेमघरला शुद्ध करतात आणि तिथून ठाणे, मीरा-भाईंदर व आमच्या भिवंडीला नळाने देतात. म्हणजे गिरणीला वीज देणारे, शेताला भिजवणारे आणि आमच्या घरात चहाला येणारे पाणी एकच. आम्ही साठीला आलो आणि हे आम्हांस ठाऊक नव्हते. रंगवाल्यांना तोंडपाठ होते. आम्ही विचारले, कसे काय? ते म्हणाले, "आमचा धंदा पाण्याचा आहे. तुमचा मीटरचा."

त्याच संध्याकाळी गाडीची वरची टाकी संपली. चौघांच्या आंघोळी, वजू, भांडी आणि चालकाचा चहा. चालकाने काटा दाखवला तो शून्यावर. रंगवाले काट्याकडे पाहत म्हणाले, "शंभर लिटर गेले. एवढ्यात आम्ही एक किलो सुती कापड रंगवतो. तुमच्या पॉपलिनचे आठ-नऊ मीटर."

व्यापारी माणूस हिशेब केल्याशिवाय राहत नाही. शंभर मीटरचा ताका म्हणजे बारा किलोच्या आसपास, म्हणजे बाराशे लिटर. आमचे महिन्याचे रंगकाम वीस हजार मीटर. दोन लाख चाळीस हजार लिटर, दहा हजार लिटरच्या टँकरने मोजले तर चोवीस टँकर. आणि ते सगळे पाणी रंगीत होऊन कुठेतरी जाणार. तीस वर्षांत आम्ही ग्रेचा भाव, रंगाचा भाव, पॅकिंगचा भाव पैशापर्यंत विचारला. पाणी कुठे जाते हे कधी विचारले नाही.

रात्री खालची टाकी भरली. चालक म्हणाला, साहेब, काळोखात नदीच्या उतारावर कॉक उघडतो, सकाळपर्यंत मुरून जाईल. आम्ही म्हणणार होतो, उघड. रंगवाल्यांनी त्याचा हात धरला. "सकाळी पेट्रोल पंपावर किंवा शेतकऱ्यांच्या संडासाच्या टाकीत विचारून रिकामी करू. आज कोणी आंघोळ करायची नाही." मग आमच्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "भाई, तुम्ही ज्यांच्याकडे माल नेलात ते रोज रात्री हेच करतात. फक्त त्यांची टाकी मोठी आहे."

आता वर्षभराच्या अबोल्याचे कारण सांगतो. अकरा वर्षे आमचे रंगकाम या दोस्ताकडे होते. मागच्या वर्षी एका दुसऱ्या प्रोसेसवाल्याने मीटरमागे सव्वा रुपया कमी दर दिला. वीस हजार मीटरला सव्वा रुपया म्हणजे महिन्याला पंचवीस हजार. आम्ही माल तिकडे वळवला आणि दोस्ताला फोनही केला नाही, दलालाकडून कळवले. त्यांनी तेव्हा नुकतेच कर्ज काढून सांडपाण्याचा प्लँट नवा केला होता. हप्ता सुरू आणि सर्वांत मोठे गिऱ्हाईक गेले. तीन कारागीर कमी करावे लागले, हे आम्हांस त्या रात्री कळले.

आम्ही बचावाला म्हणालो की बाजारात दर तोच चालतो. त्यावर त्यांनी गाडीच्या फोल्डिंग टेबलावर सव्वा रुपयाचा हिशेब मांडला. तो इथे देतो, कारण हा धंदा करणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगी आहे.

सुती कापडाला बहुतेक ठिकाणी रिअॅक्टिव्ह रंग वापरतात. यातला सगळा रंग कापडाला बसत नाही. दहा भागांतले दोन ते चार भाग पाण्यात राहतात. बसवण्यासाठी मीठ आणि सोडा भरपूर लागतो, तोही पाण्यातच. रंगवून झाल्यावर न बसलेला रंग काढण्यासाठी कापड गरम पाण्यात साबणाने पुन्हा पुन्हा धुवावे लागते. दर कमी करायचा तर दोनच जागा आहेत. एक, हे धुणे कमी करायचे, पाणी आणि कोळसा वाचतो. दुसरी, सांडपाण्याचा प्लँट बंद ठेवायचा किंवा फक्त तपासणीच्या दिवशी चालवायचा, वीज आणि औषधे वाचतात. "सव्वा रुपया आकाशातून पडला नाही," असे ते म्हणाले.

धुणे कमी केल्याची खूण आमच्याच वहीत होती. त्या वर्षात मॅचिंग सेंटरांकडून तीन लॉट परत आले होते. अस्तराचा रंग ब्लाउजला लागतो ही तक्रार. आम्ही ती ग्रे कापडाच्या माथी मारली होती आणि यंत्रमागवाल्याचे पैसे कापले होते. परतीच्या मालाची घट, वाहतूक आणि तुटलेली दोन गिऱ्हाइके धरली तर वर्षभराच्या बचतीतले निम्म्याहून अधिक तिथेच गेले होते. वाचकांनी एक सोपी परीक्षा करावी. पांढऱ्या सुती कापडाचा ओला तुकडा रंगीत कापडावर दहा वेळा जोराने घासावा. डाग आला तर लॉट उचलू नये. यंत्र लागत नाही.

पाण्याची बाजू अधिक गंभीर आहे. जल प्रदूषणाचा कायदा 1974 पासून आहे आणि प्रत्येक प्रोसेस हाऊसला प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र लागते. ते गिऱ्हाइकाला दाखवायला हरकत असण्याचे कारण नाही. प्लँट खरोखर चालत असेल तर गाळ निघतोच आणि तो तळोजासारख्या अधिकृत केंद्राकडे पाठवल्याच्या पावत्या असतात. गाळाची पावती नाही म्हणजे प्लँट शोभेचा आहे, असे रंगवाले म्हणतात. तमिळनाडूत तिरुपूरला काय झाले ते या पानाच्या जुन्या वाचकांना आठवत असेल. नोय्यल नदी खराब केल्याबद्दल मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने जानेवारी 2011 मध्ये तिथले सातशेहून अधिक रंग कारखाने एकदम बंद झाले. निटवेअरवाल्यांच्या ऑर्डरी लटकल्या, रंगवायला माल दूरदूर पाठवावा लागला. दोष रंगवाल्यांचा, फटका सगळ्या बाजाराला. आपल्याकडे उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणावर राष्ट्रीय हरित लवादाने 2015 साली दंडाचा आदेश दिला होता. उल्हासनगरचे जीन्स धुण्या-रंगवण्याचे कारखाने पुढे याच कारणाने बंद करण्यात आले आणि हजारो हातांचे काम गेले. त्यांत आपल्या बिरादरीचे कारागीर किती होते, हे कुर्ला आणि मुंब्र्याला विचारावे.

आफ्रिकावाले इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "पण चूक यांची एकट्याची नाही. पैसे किती दिवसांनी देता?" आम्ही एकशे वीस दिवसांनी देत होतो. रंगाचा दुकानदार मात्र रंगवाल्यांकडून रोख घेतो. इथे एक सूचना सर्वांसाठी. आयकर कायद्यात 2023 साली केलेली तरतूद 1 एप्रिल 2024 पासून लागू झाली. नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे जॉबवर्कचे पैसे लेखी करार असेल तर 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, पैसे देऊ त्या वर्षी मिळतो. आमच्या अकाउंटंटने हे सांगितले होते. आम्ही ऐकून सोडून दिले होते.

तिसरा दिवस शांत गेला. गाडी कोंदिवड्याला ठेवून आम्ही राजमाचीच्या पायथ्याशी कोंढाण्याच्या लेण्यांपर्यंत चाललो. दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी, दगडात लाकडी कमानी कोरलेल्या. जरीवाले बराच वेळ त्या कोरीव कामाखाली उभे होते. उल्हास तिथे ओढ्याएवढी आहे. परतताना आफ्रिकावाल्यांनी महाशीर माशाची गोष्ट सांगितली. सायक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महाशीराचे वर्णन छापले, तेव्हापासून या जातीला शास्त्रात खुद्री नाव आहे. वाहते, थंड, स्वच्छ पाणी नसेल तर तो राहत नाही. लोणावळ्याला वळवण येथे टाटांच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून त्याची पिल्ले वाढवतात आणि तलावांत सोडतात. आम्हांस तो मिळाला नाही, दिसलाही नाही. चार दिवसांत चौघांचे मिळून सात मासे, सातही बोटभर. शेवटचे दोन आम्ही त्या कातकरी गृहस्थांना दिले. ते हसले.

चौथ्या दिवशी परतताना कल्याणला नेहमीचा रस्ता सोडून मोहनेच्या बंधाऱ्याकडे गाडी वळवली. उन्हाळ्यात इथे जलपर्णी इतकी माजते की पाणी दिसत नाही. त्या दिवशी ती काठाकाठाने होती. खेमाणी नाल्याने उल्हासनगरचे सांडपाणी वर्षानुवर्षे याच नदीत आलेले आहे. भिवपुरीला गुडघाभर पाण्यात गोटा दिसत होता, इथे हातभर पाण्यात हात दिसेना. रंगवाले काही बोलले नाहीत. बोलायची गरजही नव्हती, दोन लाख चाळीस हजारांचा आकडा आम्हीच काढला होता.

लाभपंचमीनंतरच्या सोमवारी आम्ही त्यांच्या कारखान्यात स्वतः गेलो, दलालाला पाठवले नाही. प्लँट चालताना पाहिला, गाळाच्या पावत्या पाहिल्या. त्यांनी जुना दर सांगितला, वर चाळीस पैसे वाढवून, कारण दरम्यान मीठ आणि कोळसा महागला होता. आम्ही पंचवीस पैसे म्हणालो. तीस पैशांवर आणि पंचेचाळीस दिवसांच्या लेखी करारावर सौदा झाला. सगळे वीस हजार मीटर अजून वळवलेले नाहीत, निम्मे वळवले, कारण दुसरीकडे आमचे आगाऊ पैसे अडकले आहेत आणि ते मालातच वळते होणार. दोस्ताला हे पसंत नाही. दर जुम्म्याला भेटलो की विचारतात, उरलेले दहा हजार कधी?

मॅचिंग सेंटरवाल्यांना मीटरमागे एक रुपया भाव वाढवून सांगितला. दोघांनी कुरकूर करून मान्य केला, एकाने माल घेणे थांबवले. जरीवाल्यांनी मेण लावून दोन डझन माश्या बांधल्या असून आफ्रिकावाल्यांनी त्या नमुना म्हणून केपटाऊनला पाठवल्या आहेत. तिकडून अजून जवाब आलेला नाही.